कुलूप लावण्याआधी नळाची तोटी

घर काही दिवसांसाठी बंद करावयाचे ठरले, की आपले सारे लक्ष कुलपाकडे लागते. कडीकोयंडा पक्का आहे का, कपाटाची किल्ली कोणाकडे द्यायची, गॅसचे रेग्युलेटर काढले का, दूधवाल्याला सांगितले का, याची उजळणी चार-चार वेळा होते. पाण्याची आठवण येते ती बहुधा दारात गाडी उभी राहिल्यावर, आणि तीही ‘तोट्या बंद आहेत ना?’ या एका प्रश्नापुरती. घरातले कोणी तरी आतूनच ‘हो’ म्हणते आणि आपण निघतो.

शिरूर अनंतपाळ, साकोळ, येरोळ, उजेड या परिसरातील कितीतरी घरांत आज दोनच माणसे राहतात. मुले पुण्याला, मुंबईला, हैदराबादला किंवा जवळ म्हणजे लातूरला. दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, पंढरीची वारी, अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने हे आजी-आजोबा वर्षातून दोन-तीनदा घर बंद करून जातात. कधी आठ दिवसांसाठी, कधी दोन महिन्यांसाठी. त्या काळात रिकाम्या घरातील पाणी काय करते, याचा विचार आरोग्याच्या दृष्टीने करणे आवश्यक आहे. कारण गळक्या नळामुळे भिंतीला ओल आली, तर ती सुटेल, रंगही पुन्हा देता येईल. परंतु महिनाभर उभ्या राहिलेल्या पाण्याशी पहिली गाठ पडते ती प्रवासाने थकून परतलेल्या सत्तरीच्या माणसाची, आणि तेथे खरी काळजी आहे.

रिकामे करा म्हणणे सोपे

घर सोडताना सर्व भांडी रिकामी करावीत, टाक्या उपसून टाकाव्यात, असा सल्ला आपण अनेक ठिकाणी वाचतो. हा सल्ला ज्यांच्या घरी चोवीस तास नळाला पाणी असते त्यांच्यासाठी लिहिलेला असतो. मराठवाड्यातील गृहिणीला तो सांगून पाहावा! भरलेला हौद ओतून द्यायचा आणि परत आल्यावर नळ कधी येईल याची वाट पाहत बसायचे, हे तिला पटणार नाही, आणि पटू नये हेच योग्य आहे.

या प्रदेशाची पाण्याची आठवण फार ताजी आहे. २०१६ च्या मार्च महिन्यात लातूर शहरात पाणी भरण्याच्या जागी आणि टँकरच्या मार्गावर भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. लातूरला पाणी पुरविणारा मांजरा प्रकल्प कोरडा पडला होता. त्याच वर्षी ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून आले होते. पुढे हीच गाडी पन्नास वाघिणींची झाली. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या घरात हौद, पिंप, रांजण, गच्चीवरची काळी टाकी हे सारे भरलेले असल्याशिवाय झोप लागत नाही. ही सवय अज्ञानातून आलेली नसून अनुभवातून आलेली आहे. तिचा मान ठेवूनच पुढचे बोलणे केले पाहिजे.

मग करावे काय? पाणी टाकायचे नाही आणि उघडेही ठेवायचे नाही, हा मध्यम मार्ग आहे, आणि त्यासाठी तयारी जाण्याच्या दिवशी सकाळी नव्हे, दहा-बारा दिवस आधी सुरू करावी लागते. त्या दिवसापासून हौदात नवे पाणी भरणे थांबवा. जे आहे ते वापरून खाली आणा. गोधड्या, पडदे, चादरी धुण्याची हीच वेळ आहे. उरलेले पाणी शेजाऱ्यांना द्या, झाडांना घाला, दारातल्या गुरांच्या हौदात ओता. शेवटी तळाशी जे दोन-चार तांबे राहील त्यासह हौदाच्या भिंती ताठ केसांच्या ब्रशने घासा आणि ते पाणी गटारीत न सोडता कोरड्या मातीवर फेका.

भिंती घासण्याचा आग्रह का, हे समजून घ्यावे. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरविणारा एडिस डास आपली अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो. पाणी आटले तरी ही अंडी मरत नाहीत. कोरड्या भिंतीवर ती कित्येक महिने तग धरून राहतात आणि पुन्हा पाणी चढले, की फुटतात. अंड्यापासून डास होण्यास आपल्याकडील उष्णतेत आठ-दहा दिवस पुरेसे होतात. म्हणजे नुसता उपसलेला हौद आपण परत आल्यावर मोठ्या हौसेने भरतो आणि दहाव्या दिवशी घरातच डासांची नवी पिढी उडू लागते. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगतो तो याच हिशेबाने: आठवड्यातून एकदा भांडे घासून कोरडे केले, तर अंडे डासापर्यंत पोहोचत नाही. आपण महिनाभर घरी नसतो तेव्हा असे चार कोरडे दिवस हुकलेले असतात.

घासलेली छोटी भांडी पालथी घालून ठेवा. रांजण पालथा घालता येत नाही. तो पुसून, उन्हात वाळवून, तोंडाला जुने धोतर घट्ट बांधा. कूलरची टाकी बहुतेकांच्या ध्यानातून सुटते. ती काढून, गवताच्या ताट्या वाळवूनच कूलर झाका. फ्रिजच्या मागच्या बाजूस एक छोटा पसरट ट्रे असतो, त्यातही पाणी साचते. तो वर्षानुवर्षे कोणी पाहिलेला नसतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, तुळशीवृंदावनाची खाच, पक्ष्यांसाठी ठेवलेले मातीचे पसरट भांडे यांचीही गणना करा. पक्ष्यांचे पाणी बंद करणे जिवावर येते, हे खरे. शेजारच्या मुलाला ते काम सोपवावे, म्हणजे पाणी रोज बदलले जाईल आणि त्याला एक जबाबदारीही मिळेल.

परतल्यावर लगेच लागणारे म्हणून जे पाणी राखून ठेवायचे, ते एकाच टाकीत ठेवा, आणि ती टाकी झाकण फिरवून घट्ट बसणारी हवी. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप उघडा असतो. डासाला आत जाण्यास तेवढी वाट पुरते. त्याच्या तोंडाला पातळ सुती कापड किंवा बारीक जाळी बांधा. हौद जमिनीखालचा आणि मोठा असेल, उपसणे शक्यच नसेल, तर गावातील आशाताईंना किंवा आरोग्य सेवकांना आधी सांगून ठेवा. हौदात सोडण्यासाठी गप्पी मासे किंवा डासअळीनाशक औषध ते देऊ शकतात. औषध स्वतःच्या अंदाजाने घालू नये.

संडासच्या टाकीवरचा उंच गॅस पाइप हेही एक दार आहे. त्या टाकीतल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास वेगळा. हत्तीरोग पसरविणारा तो हाच. पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधण्याचे काम दहा मिनिटांचे आहे, परंतु ते शिडीवर चढून करावयाचे असल्याने घरातील ज्येष्ठांनी स्वतः करू नये. गच्चीवरच्या टाकीलाही हेच लागू.

तोटी, चावी आणि मोटार

आता नळाकडे वळू. आपल्याकडे सर्वांत मोठा घोटाळा बंद नळाने नाही, उघड्या नळाने होतो. नळ ज्या गावांत चार दिवसांनी, आठ दिवसांनी येतो, तेथे ‘आले का पाणी?’ म्हणून तोटी उघडून पाहण्याची सवय असते. नळ कोरडा असतो, तोटी तशीच उघडी राहते, आणि कुलूप लागते. मग तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी सुटते. मोरी भरते, जाळीत अडकलेल्या कचऱ्याने पाणी तुंबते, उंबऱ्यापर्यंत येते, आणि ज्या गल्लीत शेजारीण हंडा घेऊन थांबलेली असते त्या गल्लीतून आपल्या घराचे पाणी वाहत जाते. नुकसानीपेक्षा या गोष्टीची लाज अधिक वाटते, असे अनेक जण सांगतील. तोट्या बंद आहेत की नाहीत हे नळ कोरडा असताना डोळ्यांनी पाहून कळत नाही. प्रत्येक तोटी हाताने फिरवूनच पाहावी लागते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे घरात शिरणारी मुख्य चावी बंद करणे. परंतु ती कोठे आहे हे घरातल्या किती जणांना ठाऊक असते? बहुधा ती अंगणातल्या मीटरजवळ, एखाद्या फरशीखाली, मातीत बुजलेली असते. आपल्या भागातील बोअरचे पाणी जड. क्षार साचून चावी वर्षानुवर्षे न फिरवल्यास अशी जखडते, की जोर लावला तर दांडाच तुटतो. म्हणून जाण्याआधी महिनाभर प्लंबरकडून ती एकदा उघडून-मिटून घ्या, तेलपाणी करून घ्या. कंबर वाकवून, पाना अडकवून स्वतः जोर करण्याचा मोह वडीलधाऱ्यांनी टाळावा. हाडे ठिसूळ झालेल्या वयात अशा एका झटक्याने मणक्याला इजा होऊ शकते.

टाकीतला फुगा, म्हणजे बॉल कॉक, हाही क्षारामुळे अडकतो. तो वर-खाली नीट हलतो ना, हे त्याच भेटीत पाहून घ्यावे.

मोटारीविषयी एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. वीज जाऊन-येऊन असते म्हणून पुष्कळांनी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवून घेतलेला असतो. वीज आली, की मोटार आपोआप सुरू! घरी माणूस असताना ही सोय आहे. घर बंद असताना मात्र टाकी भरून वाहत राहते, नाही तर बोअर कोरडा असताना मोटार फिरून जळते. जाताना ऑटो बंद करा आणि मोटारीचा मेन स्विचही खाली ओढा.

गिझरचा स्विच बंद करावा, एवढे सर्वांना माहीत असते. सौर बंबाचे काय, हे मात्र कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात आपल्या गच्च्यांवर जे ऊन पडते, त्यात वापरात नसलेला सौर बंब रोज तापत राहतो आणि त्याच्या टाकीला उष्णता धरून ठेवणारे वेष्टन असल्याने रात्रीही फारसा निवत नाही. अशा बंबाची तोटी महिनाभराने उघडली, तर पहिल्या धारेचे पाणी उकळत्या पाण्याच्या जवळपास असू शकते. साठ अंशांच्या पाण्याने त्वचा काही सेकंदांत भाजते. ज्यांना जुना मधुमेह आहे त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. पाय भाजल्याचे त्यांना फोड आल्यावरच कळते. निघताना सौर बंबाच्या नळ्यांवर जाड ताडपत्री किंवा जुने घोंगडे बांधून घ्यावे. आतले पाणी आटून नळ्या कोरड्या पडल्या असतील आणि भर उन्हात त्यांत गार पाणी सोडले, तर काच तडकते. म्हणून परतल्यावर बंब भरायचा तो सूर्य उगवण्यापूर्वी.

मोरी, न्हाणीघर आणि संडास यांच्या जाळीखाली वाकड्या नळीत थोडे पाणी नेहमी साचून असते. त्या पाण्यामुळे गटारीतला वायू आणि झुरळे घरात येत नाहीत. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे पाणी आटून जाते. परत आल्यावर दार उघडताच जो कुबट वास येतो, तो बहुधा याचाच. निघताना शेवटचे काम म्हणून प्रत्येक जाळीत एकेक तांब्या पाणी ओता आणि वरून चमचा-दोन चमचे खाण्याचे तेल सोडा. तेलाचा तवंग पाणी आटू देत नाही आणि डासांच्या अळ्यांनाही श्वास घेऊ देत नाही. वर जाळीवर प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्यावर वीट ठेवली, की झाले.

उभ्या पाण्यात काय वाढते

नळाच्या पाण्यात रोगजंतू वाढू नयेत म्हणून क्लोरीन असते. ते कायम टिकत नाही. पाणी उभे राहिले, तापले, की काही दिवसांत त्याचा अंश नाहीसा होतो, आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात जंतू वाढू लागतात. त्यांतला एक लेजिओनेला. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी जमलेले लोक एका अनोळखी न्यूमोनियाने आजारी पडले. त्यांत अनेक जण दगावले. पुढच्या वर्षी त्याचे कारण असलेला जंतू सापडला आणि सैनिकांच्या त्या संघटनेवरून त्याला हे नाव मिळाले. साधारण वीस ते पंचेचाळीस अंश तापमानाचे उभे पाणी त्याला मानवते. आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतले आणि तिथून खाली येणाऱ्या पाइपातले पाणी वर्षातील बराच काळ याच मर्यादेत असते. २०२० च्या टाळेबंदीनंतर बंद इमारती उघडताना जगभरातील आरोग्य संस्थांनी याच जंतूविषयी सावध केले होते.

हा जंतू प्रामुख्याने पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेल्याने बाधतो आणि सहसा माणसापासून माणसाला लागत नाही. धोका अधिक असतो तो पन्नाशीपुढील व्यक्तींना, धूम्रपान करणाऱ्यांना, दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे त्यांना. घाबरून जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत बादली-तांब्याने स्नान होते आणि तुषार कमी उडतात, ही आपल्या जुन्या रीतीची एक अनपेक्षित मदत. परंतु आता नव्या बांधलेल्या घरांत शॉवर आले आहेत, मुलांनी हौसेने बसवून दिलेले. बंद घरात परतल्यावर पहिले आठ दिवस तरी ज्येष्ठांनी शॉवर वापरू नये, असे मी म्हणेन.

परतण्याच्या आदल्या दिवशी

इथे सांभाळ करणाऱ्यांशी थेट बोलले पाहिजे. आई-वडील पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून सकाळी घरी पोहोचतात. अंग आंबलेले असते. पहिली इच्छा होते ती स्नानाची आणि चहाची. म्हणजे ज्या क्षणी घरातले पाणी सर्वांत शिळे असते, त्याच क्षणी ते सर्वांत अधिक वापरले जाते. हे टाळायचे असेल, तर किल्ली ज्याच्याकडे आहे अशा तरुण नातेवाइकाने किंवा शेजाऱ्याने आदल्या दिवशी तासभर येऊन जावे. मुलाने पुण्यातून फोनवर ‘सगळे ठीक आहे ना’ विचारण्यापेक्षा हा एक तास कोणाकडून तरी मिळवून द्यावा.

त्या तासात काय करायचे? प्रथम खिडक्या उघडायच्या. मुख्य चावी हळूहळू उघडायची. एकदम उघडली, तर पाइपातली हवा आणि गंज जोराने बाहेर येतो आणि वाळलेले वॉशर गळू लागतात. शॉवरची चाळणी काढून ठेवायची किंवा तिच्यावर ओले फडके गुंडाळायचे, म्हणजे तुषार उडणार नाहीत. मग प्रत्येक तोटी काही मिनिटे, पाणी गार आणि स्वच्छ येईपर्यंत, सावकाश वाहू द्यायची. हे पाणी वाया घालवायचे नाही. तोटीखाली बादली ठेवून ते अंगण धुण्यास, संडासात टाकण्यास, झाडांना वापरायचे. गिझर असेल तर आधी तो पाण्याने भरला आहे याची खात्री करून मगच स्विच लावायचा. पूर्ण तापवून, ते पहिले गरम पाणी सांभाळून काढून टाकायचे.

टाकीत राखलेले पाणी धुण्या-भांड्यांसाठी चालेल. पिण्यासाठी ते घेऊ नये. घ्यावेच लागले तर गाळून, चांगले उकळी फुटेपर्यंत तापवून घ्यावे. टाकीत पुन्हा क्लोरीन घालायचे असेल, तर ग्रामपंचायतीत आणि नगरपंचायतीत वापरली जाणारी टीसीएल पावडर हे त्याचे ओळखीचे साधन. हजार लिटर पाण्याला सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा. ती थेट टाकीत टाकू नये. बादलीभर पाण्यात कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि किमान अर्धा तास थांबून मग वापर सुरू करावा. पावडर जुनी, ओलसर, गुठळ्या झालेली असेल तर तिचा जोर गेलेला असतो. आणि एक सक्त सूचना: टीसीएल आणि संडास धुण्याचे ॲसिड एकाच वेळी, एकाच जागी कधीही वापरू नये. दोन्ही एकत्र आले, की विषारी वायू निर्माण होतो. दम्याच्या रुग्णाला बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

पाणी शुद्ध करण्याचे आरओ यंत्र असल्यास त्यातले साठलेले पाणी काढून टाकावे आणि नव्याने भरलेली पहिली एक-दोन टाक्या पाणीही पिऊ नये. घरी वाफ देणारे यंत्र किंवा झोपेत श्वासासाठी वापरायचे यंत्र असेल, तर त्याची पाण्याची डबी पूर्ण घासून, वाळवून, डॉक्टरांनी सांगितलेलेच पाणी त्यात घालावे.

परतल्यानंतरच्या पंधरवड्यात ताप आला, तर डॉक्टरांना एक वाक्य आवर्जून सांगा: ‘आमचे घर महिनाभर बंद होते.’ कोरडा खोकला, धाप आणि ताप एकत्र असतील, तर या वाक्याने डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलू शकते. डोळ्यांमागे दुखणे, अंगदुखी, सांधे धरणे, अंगावर पुरळ ही डेंग्यूची लक्षणे. परंतु उतारवयात ताप फार न चढताही केवळ गळून जाणे, जेवण न जाणे, गोंधळल्यासारखे होणे असे चित्र दिसू शकते. अशा वेळी घरच्या डब्यातली अंगदुखीची गोळी देऊ नये. काही वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ती स्वतः बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

घर पूर्ण रिकामे नसते तेव्हा

आणखी एक परिस्थिती आहे, जिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. घरातली तरुण मंडळी चार दिवस लग्नाला किंवा सहलीला जातात आणि आई मागे राहते. ‘मला काही होत नाही, तुम्ही जा’ असे म्हणून. तिच्यासाठी पाण्याची तयारी अगदी उलट करावी लागते. जे बंद करावयाचे ते चालू ठेवावे लागते, आणि तिच्या हाताला येईल असे ठेवावे लागते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोंहून जड असते. ती मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत नेताना एखादी आजी दोनदा थांबते, ओल्या फरशीवर पाय ठेवते, आणि तेथेच मांडीचे हाड मोडण्याची कथा सुरू होते. म्हणून जाण्यापूर्वी मोठ्या बादल्या बाजूला ठेवा आणि चार-पाच लिटरच्या लहान कळश्या भरून, कमरेच्या उंचीच्या ओट्यावर, जागोजागी मांडा. पिण्याच्या पाण्याचा जार असेल, तर तो तिरपा करावा लागू नये म्हणून खाली तोटी असलेले भांडे द्या. टाकी भरली का हे पाहण्यासाठी तिला जिना चढावा लागणार नाही अशी व्यवस्था करा. मोटार चालू-बंद करण्यास शेजारचा कोणी येणार असेल, तर त्याची वेळ ठरवून द्या. टँकरवाल्याचा, प्लंबरचा आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या ठळक अक्षरांत भिंतीवर चिकटवा. भ्रमणध्वनीत साठवून ठेवलेला क्रमांक घाईत सापडत नाही.

पाणी पुरवून वापरावे लागते अशा घरांतील वृद्ध स्त्रिया स्वतः पाणी कमी पितात, हेही येथे सांगितले पाहिजे. कोणी पाहत नसले म्हणजे तर अधिकच. रात्री उठावे लागू नये, संडासात पाणी जास्त जाऊ नये, अशी त्यांची मनातल्या मनात बेरीज चाललेली असते. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, चक्कर येते, उन्हाळ्यात उष्माघातापर्यंत वेळ जाते. निघताना तिच्यासमोर एक तांब्या ठेवावा आणि दिवसभरात तो किती वेळा रिकामा व्हावा हे तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवून घ्यावे, कारण हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण वेगळे असते. मग रोज संध्याकाळच्या फोनवर ‘कशी आहेस?’ विचारण्याआधी ‘किती तांबे झाले?’ हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘बरी आहे’ असेच येते.